‘विरघळवते’ या एका शब्दाबद्दल

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत कच्च्या तेलाच्या वाहिन्यांवर आपण पानभर लेख छापलात. चित्रं सुरेख होती. त्यात एक वाक्य असं होतं, की ‘हे रसायन तेलातले मेण विरघळवते, त्यामुळे तेल गरम करण्याचा खर्च उरत नाही.’ मी अंबरनाथच्या एका कारखान्यात ३१ वर्षं हेच, म्हणजे तेल थंडीत थिजू नये म्हणून त्यात घालायचं रसायन बनवलं, तपासलं, गिऱ्हाइकाकडे जाऊन चालवून दाखवलं. त्या वाक्याचा पूर्वार्ध चूक आहे आणि उत्तरार्धही चूक आहे. माल विकणाऱ्यानेच हे सांगितलेलं बरं, म्हणून लिहितो आहे. पत्र लांबणार. कात्री लावायची तर खुशाल लावा, फक्त ड्रमांची हकिगत तेवढी ठेवा.

मेण म्हणजे मेणबत्तीतलंच. कच्च्या तेलात, म्हणजे आमच्या भाषेत क्रूडमध्ये, कार्बनच्या लांब सरळ साखळ्या असतात. अठरा कार्बनपासून साठ आणि त्याहूनही पुढे. जमिनीखाली तेल गरम असतं तोवर त्या सुखाने विरघळलेल्या असतात. तेल वर आलं, निवायला लागलं की त्या एकमेकींना बिलगून अभ्रकाच्या पापुद्र्यांसारखे स्फटिक तयार होतात. हे पापुद्रे एकमेकांना टेकून उभे राहतात आणि मधल्या पोकळ्यांत उरलेलं पातळ तेल अडकून बसतं. लेखात थंडीतल्या खोबरेल तेलाची उपमा दिली आहे. ती समजायला सोपी असली तरी फसवी आहे. खोबरेल गोठतं तेव्हा त्यातला बराचसा भाग खरोखरच घट्ट झालेला असतो. क्रूडचं तसं नाही. दोन-तीन टक्के मेण बाहेर पडलं तरी सगळं तेल थिजल्यासारखं उभं राहू शकतं. बाकीचं सत्त्याण्णव टक्के आत पातळच असतं. उपमा द्यायचीच तर दह्याची द्या. दह्यात पाणीच जास्त, पण भांडं कलतं केलं तरी ते सांडत नाही. आणि एकदा दही लागल्यावर वरून काहीही घातलं तरी त्याचं पुन्हा दूध होत नाही. ही दुसरी गोष्ट पुढे कामाला येणार आहे.

हा प्रश्न आपल्या दाराशीच आहे, याचा उल्लेख लेखात नव्हता. मुंबई हायचं तेल १९७४ मध्ये सापडलं, १९७६ मध्ये निघू लागलं आणि १९७८ पासून समुद्रतळावरच्या पाइपातून दोनशेहून अधिक किलोमीटर वाहत उरणला येतं. या तेलाचा पोअर पॉइंट ३० अंशांच्या आसपास आहे. म्हणजे त्याखाली ते ओतलं जात नाही. समुद्राचा तळ त्याहून थंड असतो. तरीही ते येतं, याचं कारण तेल मुळात गरम निघतं, पाइप वाहता ठेवला जातो आणि आमच्यासारख्यांचं रसायन त्यात पडतं. या तिघांपैकी एकट्याने काम भागत नाही.

पोअर पॉइंट कसा काढतात ते सांगतो, कारण मी आयुष्यात सगळ्यात जास्त वेळा केलेलं काम तेच आहे. देवाला नमस्कारही तितके केले नसतील. सपाट बुडाची काचेची बरणी, दोन बोटं रुंद, तिला बूच, बुचातून थर्मामीटर. तेल आधी गरम करून घ्यायचं, मग थंड करत न्यायचं आणि दर तीन अंशांनी बरणी बाहेर काढून कलती करायची. तेल हललं तर परत आत. एका क्षणी तेल जागचं सरकत नाही असं वाटतं. तेव्हा बरणी पूर्ण आडवी धरायची आणि मोजायचं: एक, दोन, तीन, चार, पाच. पाच सेकंदांत काहीच हललं नाही, तर त्या तापमानात तीन मिळवायचे; तो पोअर पॉइंट. इतकी साधी परीक्षा. हात मात्र स्थिर हवा. बरणीला धक्का लागला की जाळं मोडतं आणि उत्तर खोटं येतं. नव्या पोरांना मी बांगड्या, घड्याळं काढून ठेवायला लावायचो.

आता रसायनाकडे येतो. या जातीचं पहिलं रसायन १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला वंगण तेलासाठी बनवलं गेलं. त्यात मेणालाच क्लोरिन लावून ते नॅफ्थलीनशी जोडलं होतं. नॅफ्थलीन म्हणजे आपल्या कपाटातल्या डांबरगोळ्या. आम्ही बनवायचो ते त्याचं पुढच्या पिढीतलं भावंड. त्याचा कच्चा माल बेहेनिल अल्कोहोल. गोणीतून पांढरे पापुद्रे यायचे, हाताला गुळगुळीत, साबणाच्या किसासारखे. बेहेन हे नाव ज्या तेलावरून पडलं ते शेवग्याच्या बियांचं. कारखान्याला लागणारा माल अर्थात शेवग्यातून येत नाही, मोहरीच्या कुळातल्या तेलबियांपासून काढतात. तरी शेवग्याच्या शेंगांची आमटी जेवताना मला अजून रिअॅक्टर, म्हणजे रसायन बनवायचं आमचं भांडं, आठवतो. घरचे कंटाळलेत.

या अल्कोहोलात बावीस कार्बनांची साखळी असते. ती अॅक्रिलिक आम्लाशी जोडायची. त्याचा वास नाकातून थेट मेंदूत जातो. मग त्याचं पॉलिमर करायचं, म्हणजे असे अनेक रेणू एकाला एक जोडून लांब माळ करायची. शेवटी जो रेणू मिळतो तो फणीसारखा असतो: एक लांब पाठ आणि तिला बावीस कार्बनांचे दात. तेल निवताना मेणाच्या साखळ्या एकत्र येऊ लागल्या की फणीचे दात त्यांच्यातलेच असल्यासारखे पंगतीत जाऊन बसतात. लांबी जुळते, म्हणून मेण त्यांना परकं समजत नाही. पण दातांमागे ती पाठ असते. तिच्यामुळे पापुद्रा पसरू शकत नाही. पातळ पत्र्यांऐवजी गुठळ्या होतात, आणि गुठळ्या एकमेकींना टेकून जाळं विणू शकत नाहीत. तेल वाहत राहतं.

मेण कुठे गेलं? कुठेच नाही. ते तेल निववून गाळलं, तर पकडलेलं मेण जवळपास तेवढंच भरतं. आम्ही ते विरघळवत नाही. आम्ही त्याचा आकार बिघडवतो. यातूनच दोन गोष्टी निघतात. एक म्हणजे दात जुळले पाहिजेत. एका विहिरीच्या तेलाला लागू पडलेलं रसायन शेजारच्या विहिरीच्या तेलात ढिम्म काम करत नाही, असं मी कित्येकदा पाहिलं. दुसरी अधिक महत्त्वाची: रसायन तेल गरम असताना, एकही पापुद्रा तयार व्हायच्या आत पडलं पाहिजे. पंगत बसल्यावर कोण जागा देतं?

लेखात आणखी एक सरमिसळ झाली आहे, ती थोडक्यात सांगतो. पाइपाच्या भिंतीवर मेणाचा थर चढणं आणि थांबलेलं तेल पाइपात दह्यासारखं लागणं हे दोन वेगळे आजार आहेत. थर चढतो तो वाहत्या तेलातही, कारण भिंत आतल्या तेलापेक्षा थंड असते. आणि जुना झाला की तो कडक होत जातो. त्यावर आमचं रसायन अर्धंमुर्धं औषध. काही तेलांत थर पातळ होतो पण चिवट होतो. तिथे पाइपातून पिग सोडून खरवडण्याला पर्याय नाही. पिग म्हणजे डुक्करच, पण हे डुक्कर म्हणजे पाइपाच्या आतून सरकत भिंत खरवडणारं यंत्र. आपण चित्रही छापलंत, पण खाली ‘मेण मोजण्याचे यंत्र’ असं लिहिलं आहे.

गरम करण्याचा खर्च वाचतो, हे तर राजस्थानात जाऊन कुणी बोलू नये. बारमेरच्या मंगला क्षेत्राचं तेल ४० अंशांच्या वरच थिजतं. ते गुजरातच्या किनाऱ्यावर भोगतला नेणारी सुमारे ६७० किलोमीटरची वाहिनी सबंध वाटेवर विजेने गरम ठेवावी लागते, आणि जगातल्या सर्वांत लांब तापवलेल्या वाहिन्यांत तिची गणना होते. तिकडे आसामात, नहरकटियाहून बिहारमधल्या बरौनीला जाणारी ११५७ किलोमीटरची वाहिनी १९६२-६३ मध्ये सुरू झाली, तेव्हा तिथल्या लोकांनी रसायनाशिवाय मार्ग काढला होता. तेल आधी चांगलं तापवायचं आणि मग ठरावीक गतीने, घाई न करता निववायचं, म्हणजे स्फटिक आटोपशीर होतात. नुसत्या निववण्याच्या शिस्तीवर एक पिढी ती वाहिनी चालली. पुढे तिथेही रसायनं आली. मला विचाराल तर त्या निववणाऱ्या माणसांना मेण आमच्याहून जास्त कळलं होतं.

आता ड्रमांची हकिगत. १९९० च्या दशकातली, जानेवारीतली. राज्य, गाव, कंपनी काही सांगत नाही. उत्तरेकडचं एक छोटं पंपिंग स्टेशन. तिथून १२ इंची पाइप दहा किलोमीटरवरच्या मोठ्या स्टेशनला जायचा. आमच्या रसायनाची चाचणी होती. तेल हीटरमधून ६५ अंशांना निघे, लगेच पुढे डोसिंग पंपाने रसायन पडे, ताशी २० लिटर. प्रमाण ५०० पीपीएम, म्हणजे एका बॅरलला साधारण ८० मिलिलिटर, एक कटिंग चहा. तेलाचा मूळचा पोअर पॉइंट ३३. संध्याकाळी माझ्या हाताने घेतलेल्या नमुन्याचा आला १२. सगळे खूश. मी गेस्ट हाउसवर जाऊन झोपलो.

पहाटे पाचला जाग आली ती थंडीने. बाहेर आठ-नऊ अंश असावेत. सवयीने स्टेशनवर गेलो. डोसिंग पंप टक-टक-टक चालू होता. लॉगबुकात दर तासाला एकाच अक्षरात नोंद: २०, २०, २०, २०. मी रसायनाच्या छोट्या टाकीत काठी बुडवली. रात्री अकरानंतर नवा ड्रम ओतल्याची नोंद होती आणि पातळी अजून तिथेच होती. सहा तासांत बोटभरसुद्धा उतरली नव्हती. स्ट्रेनर, म्हणजे पंपाची गाळणी, उघडला. आत शिळ्या तुपासारखा पिवळट गोळा.

झालं असं होतं, की आमचं रसायन स्वतःच थिजलं होतं. हो, तेलाला थिजू न देणारं रसायन थिजतं. तो पॉलिमर खोलीच्या तापमानाला मेणासारखा घट्टच असतो. टोल्युइन किंवा झायलीन या द्रावकांत पातळ करून पाठवतात. ड्रम रात्रभर उघड्यावर पडले होते. ही स्टेशनवाल्यांची चूक म्हणाल, तर त्याआधीची आमची. ट्रकभाडं वाचावं म्हणून आमच्या मालकांनी त्या खेपेला द्रावक कमी घालून माल दाट पाठवला होता. त्याचा स्वतःचा पोअर पॉइंट मी मोजला होता: २७. सहीही माझीच.

मग सहा वाजून गेल्यावर वीज गेली. दोन तास पंप बंद. वीज आली तेव्हा पाइप उठेना. रसायन न पडलेलं सहा तासांचं तेल, म्हणजे साडेतीन किलोमीटर लांबीचा एक बोळा, जमिनीखाली बसला होता. हिशेब करून पाहा. पाण्याच्या एका मिलिमीटर थराचा दाब तो काय. साधारण १० पास्कल. तेलाच्या दह्याचा घट्टपणा इतका नगण्य असला, तरी १२ इंची पाइपात ते दहा किलोमीटर सरकवायला दर चौरस सेंटिमीटरला तेरा-साडेतेरा किलोचा दाब लागतो. आमचं दही त्याहून कितीतरी घट्ट होतं आणि पंप २० किलोला ट्रिप होत होता.

तिथले साहेब म्हणाले, “डबल डोस मारा.” मी म्हटलं, “साहेब, लाइनमध्ये तेलच सरकत नाही, रसायन जाणार कुठे?” म्हणाले, “मग टाकीत मारा.” टाकीतलं तेल तोवर ४० वर उतरलं होतं. दोन ड्रम उन्हात ठेवून, पोती गुंडाळून, गरम पाणी ओतून पातळ केले आणि टाकीत रिकामे केले. ढवळलं. मी नमुना घेतला, निववत नेला. ३० ला बरणी आडवी धरली. एक, दोन, तीन, चार, पाच. जागचं हललं नाही. दुप्पट रसायन घालूनही तेल जिथल्या तिथे. मग तेच तेल, तेच रसायन, हीटरमधून पुन्हा ६५ पर्यंत नेलं आणि परत मोजलं. पोअर पॉइंट ९. साहेब बरणीकडे बघत राहिले. (मध्ये कुणीतरी ‘४५ पर्यंतच तापवू, डिझेल वाचेल’ असंही सुचवून पाहिलं. अर्धवट कोमट करणं काही वेळा न तापवण्यापेक्षा वाईट पडतं. मेण पुरतं विरघळत नाही आणि रसायनाने जमवलेलं मात्र विस्कटतं.)

लाइन मोकळी व्हायला दुपारचे चार वाजले. पाइपाला झेपेल इतपत दाब थोडा थोडा वाढवत, मागून डिझेल रेटत ती उठवली. पहिल्यांदा काटा थरथरून खाली आला तेव्हा कुणी ओरडलं नाही. सगळे इतके दमले होते.

त्यांच्या अहवालात लिहिलं गेलं: रसायन अपेक्षित परिणाम देऊ शकले नाही. आमच्या मार्केटिंगने उत्तर दिलं: ग्राहकाने सूचनांचे पालन केले नाही. दोन्ही कागद मी वाचले. ड्रम हा शब्द दोन्हींत नव्हता.

रात्रपाळीच्या मुलाला मी संध्याकाळी चहाच्या टपरीवर गाठलं. कंत्राटी कामगार, बावीस-तेवीस वर्षांचा. लॉगबुकात खोटे आकडे का भरलेस, असं मी रागाने नाही विचारलं. माझ्यात तेवढं तोंड नव्हतं. तो म्हणाला, पंप चालू होता म्हणून आधी वाटलं माल जातोय. तीनच्या सुमाराला शंका आली. “पण साहेब, तुमच्याच कागदावर लिहिलंय ना, मेण विरघळवतं म्हणून. मला वाटलं, रात्री नाही गेलं तर सकाळी जास्त टाकू. विरघळेल की.”

त्याने खिशातून आमचं माहितीपत्रक काढून दाखवलं. चार घड्या पडलेलं, तेलकट. खरोखरच तसं छापलं होतं, जाड अक्षरात. त्या पत्रकाचं प्रूफ मी तपासलं होतं. शब्द चूक आहे हे मला तेव्हाही माहीत होतं, पण सामान्य माणसाला समजायला सोपं पडतं म्हणून राहू दिला होता. त्या मुलाचं तर्कशास्त्र बिनचूक होतं. मीठ पाण्यात केव्हाही टाका, विरघळतंच. मेण ‘विरघळवणारं’ रसायन सकाळी टाकलं तर काय बिघडलं? बिघडवलं ते आमच्या शब्दाने. त्याचं कंत्राट पुढच्या महिन्यात संपवलं, असं नंतर कानावर आलं. माझी नोकरी आणखी बरीच वर्षं चालली.

परत आल्यावर मी पत्रक बदलून घेतलं. ड्रमावर थर्मामीटरचं चित्र छापायला लावलं, खाली हिंदीत एक ओळ: ‘ठंड में ढककर रखें, तेल गरम रहते ही डालें.’ मालकांनी छपाईच्या खर्चावरून कुरकुर केली, पण चित्र राहिलं.

म्हणून आपल्या पुरवणीत तोच शब्द पुन्हा जाड अक्षरात दिसला तेव्हा मला राहवलं नाही. आपला पेपर उरण, पनवेल, तारापूर सगळीकडे जातो. डोसिंग पंपाशेजारी बसणारी मुलं तो वाचतात, निदान त्यावर डबा उघडतात. दुरुस्ती छापायची झाली तर लेख बदलायला नको. ‘मेण विरघळवते’ या दोन शब्दांच्या जागी ‘मेणाच्या स्फटिकांचा आकार बदलते’ असे चार घाला. जागा कमी पडली तर त्या डुकराचं चित्र थोडं लहान करा.

आपला,
एक निवृत्त केमिस्ट
डोंबिवली (पूर्व)
(नाव व पत्ता आपल्या माहितीसाठी सोबत जोडला आहे.)